छोट्या द्वीपराष्ट्रांतील खुनांचे आकडे कसे वाचावेत: त्रिनिदाद आणि सेंट किट्सच्या निमित्ताने

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. सांख्यिकीच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी तुम्ही कॅरिबियनमधील त्रिनिदाद-टोबॅगो आणि सेंट किट्स-नेव्हिस या दोन द्वीपराष्ट्रांतील खुनांची वार्षिक आकडेवारी जमवली आहे, तिचे लाखामागे दर काढले आहेत आणि आलेखही तयार केला आहे. आता तुम्हाला तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. या दोहोंपैकी अधिक हिंसक देश कोणता म्हणावा, त्रिनिदादमधील वाढीचा संबंध बेरोजगारीशी जोडता येईल का, आणि २०११ मध्ये तेथे लागू केलेल्या आणीबाणीमुळे खून कमी झाले असे लिहिता येईल का.

हिंसेमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या नोंदींवर मी बरीच वर्षे काम करत आले आहे, आणि हे तिन्ही प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. तिन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. तुमच्या विश्लेषणाचे एकक ‘एक देश, एक वर्ष’ हे आहे, तर ज्या घटनेचा तुम्ही अभ्यास करत आहात ती काही मोजक्या वस्त्यांमध्ये, काही मोजक्या गटांमध्ये आणि अनेकदा काही दिवसांच्या अंतरात घडणारी आहे. मोठ्या देशात ही विसंगती सरासरीच्या आड झाकली जाते. लहान देशात ती उघडी पडते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर अतिशय ठाम दिसणारे पण पायाच नसलेले निष्कर्ष हाती येतात. किती खोलवर जाता येईल हे अर्थातच तुम्हाला कोणत्या नोंदी मिळतात यावर अवलंबून आहे; केवळ वार्षिक बेरजा असतील तर काही प्रश्न सोडून द्यावे लागतील, आणि ते प्रामाणिकपणे सोडून देणे हाही प्रकल्पाचाच भाग आहे असे मी मानते.

आधी अंशस्थानाकडे पाहू, म्हणजे तुम्ही नेमके काय मोजले आहे याकडे. त्रिनिदादमध्ये २०२२ सालासाठी तुम्हाला ६०५ हा आकडाही सापडेल आणि ५९९ हाही. यात कोणी खोटे बोलत आहे असे नाही. तेथील वृत्तपत्रे वर्षभर खुनांची चालू मोजणी ठेवतात आणि प्रत्येक घटनेनंतर ती एकाने वाढवतात, तर पोलिसांचा आकडा नंतर दुरुस्त होत राहतो. शवविच्छेदनानंतर एखादा मृत्यू खून नसल्याचे निष्पन्न होते, एखादी घटना स्वसंरक्षणाची ठरते, आणि डिसेंबरमध्ये गोळी लागून जानेवारीत दगावलेली व्यक्ती कोणत्या वर्षात धरायची याचा निर्णय दोन ठिकाणी दोन प्रकारे होऊ शकतो. वर्षाला सहाशेच्या आसपास खून असतील तर पाचसहाचा फरक एक टक्क्याचा आहे आणि तो सोसता येतो. सेंट किट्समध्ये तेवढाच फरक निम्मे वर्ष पुसून टाकील. म्हणून संपूर्ण कालमालिका एकाच स्रोतातून घ्यावी, दोन स्रोतांचे आकडे एका स्तंभात कधीही मिसळू नयेत, आणि आकडा कोणत्या तारखेला उतरवून घेतला ते नोंदवून ठेवावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांचा आहे. त्रिनिदादच्या खुनांच्या अधिकृत बेरजेत हे मृत्यू धरले जात नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, अधिकाऱ्यांनी अवाजवी बळ वापरल्याने झालेले मृत्यू हेतुपुरस्सर मनुष्यहत्येतच मोडतात. परंतु एखाद्या घटनेतील बळ अवाजवी होते की नव्हते हे ठरायला चौकशी पूर्ण व्हावी लागते, आणि तोवर ते मृत्यू कोणत्याच रकान्यात न बसता लोंबकळत राहतात. मृत्यूच्या कारणांच्या आरोग्य खात्याच्या नोंदी तुम्हाला मिळाल्या तर तेथे आयसीडी-१० या आजार आणि मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हल्ल्यांसाठी एक्स८५ ते वाय०९, कायद्याच्या अंमलबजावणीतील मृत्यूंसाठी वाय३५ आणि हेतू न ठरलेल्या मृत्यूंसाठी वाय१० ते वाय३४ असे संकेतांक आढळतील. माझा रिवाज असा आहे की पोलिसांचा आकडा आणि आरोग्य खात्याचा आकडा मी शेजारी शेजारी ठेवते, आणि दोहोंतील अंतर एखाद्या वर्षी अचानक वाढले तर पुढे जाण्याआधी त्याचे कारण शोधते. हेतू न ठरलेले मृत्यू वाढले आणि खून कमी झाले, असे चित्र अनेकदा केवळ नोंदीच्या पद्धतीतून उभे राहते.

आता छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागून दर काढायचा ती. येथे लहान देशांत जी गोष्ट घडते तिच्याकडे बहुतेक विद्यार्थी पाहतच नाहीत. त्रिनिदाद-टोबॅगोच्या २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३,२८,०१९ होती आणि तेथील सांख्यिकी कार्यालयाचा अलीकडचा अंदाज १३ लाख ६७ हजारांच्या आसपास आहे. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज मात्र सुमारे १५ लाखांचा आहे. २०२४ सालासाठी ६२४ खून धरले, तर पहिल्या छेदाने दर लाखामागे साधारण ४५.६ येतो आणि दुसऱ्याने ४१.६. चार अंकांचा हा फरक निव्वळ छेदाचा आहे. २०२१ मध्ये संपूर्ण जगाचा सरासरी दर लाखामागे ५.८ होता हे लक्षात घेतले, तर केवळ लोकसंख्येचा स्रोत बदलल्याने जगाच्या सरासरीच्या दोनतृतीयांश भागाएवढी हालचाल होते. शिवाय व्हेनेझुएलातून आलेल्या लोकांचा प्रश्न आहेच. २०१९ च्या नोंदणी मोहिमेत १६,५२३ जणांनी नाव नोंदवले, पण जे पुढे आले नाहीत ते कोणत्याच छेदात नाहीत, आणि त्यांच्यापैकी कोणी मारला गेला तर तो अंशात मात्र येतो.

सेंट किट्स-नेव्हिसमध्ये हीच गोष्ट अधिक टोकाची आहे. तेथील २०२२ च्या जनगणनेचा प्राथमिक आकडा ५१,३२० आहे, तर संयुक्त राष्ट्रांचा अंदाज ४७ हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये तेथे ३१ जणांचे खून झाले. पहिल्या छेदाने दर ६० येतो, दुसऱ्याने ६६. एक मृत्यू कमी किंवा अधिक झाला की दर दोन अंकांनी सरकतो.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. २०२३ मध्ये सेंट किट्सचा दर ६० आणि त्रिनिदादचा, ५७७ खून धरून, ४२. म्हणून सेंट किट्स अधिक हिंसक, असे तुम्ही लिहिले आहे. मोजक्या घटनांच्या बेरजेत योगायोगाने किती चढउतार होऊ शकतो याचा प्राथमिक अंदाज पॉयसन वितरण देते. ३१ या बेरजेसाठी ९५ टक्क्यांची मर्यादा साधारण २१ ते ४४ अशी येते, म्हणजे दर ४१ पासून ८६ पर्यंत कोठेही असू शकतो. या पट्ट्यात त्रिनिदादचा ४२ खालच्या टोकाला का होईना, पण बसतो. एका वर्षावरून दोघांचा क्रम लावता येत नाही, हे त्याचे साधे उत्तर आहे. आणि मोठा कालखंड घेतला तर क्रम उलटतोच. सेंट किट्समध्ये २०२० साली दहा खून झाले आणि त्यानंतरची दोन वर्षेही दहा ते पंधराच्या दरम्यान राहिली. त्यांत २०२३ मिळवून चार वर्षांची सरासरी काढली तर दर लाखामागे तीस ते पस्तीसच्या दरम्यान येतो. त्याच चार वर्षांत त्रिनिदादचे अनुक्रमे सुमारे ३९६, ४४८, ६०५ आणि ५७७ खून धरले तर सरासरी ३७ येते. एका वर्षात पहिला असलेला देश चार वर्षांत दुसरा होतो. लहान देशांच्या जागतिक क्रमवाऱ्या मी कधीच वापरत नाही याचे कारण हेच आहे. वर्तमानपत्रांत मथळा होणारे नाव प्रत्येक वर्षी बदलते आणि ते बहुधा सर्वांत लहान लोकसंख्येच्या देशांपैकीच एखाद्याचे असते.

याचा अर्थ सेंट किट्समध्ये २०२३ साली काही घडलेच नाही असा मात्र घेऊ नका. दहावरून एकतीसवर जाणे हे केवळ योगायोगाने होण्याची शक्यता फार कमी आहे. दहासाठीची मर्यादा पाच ते अठरा अशी आहे आणि ती एकतीसच्या खालच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे एकवीसपर्यंत, पोहोचत नाही. पुढच्या वर्षीही आकडा तिशीच्या जवळ राहिला, हा अधिक भक्कम पुरावा आहे, कारण सर्वांत उंच वर्ष निवडून त्याची सर्वांत खालच्या वर्षाशी तुलना केली की परीक्षण आपोआपच आपल्या बाजूने झुकते. अशा लहान बेरजांसाठी वार्षिक दरापेक्षा मला दोन घटनांमधील दिवसांचे अंतर मोजणे अधिक उपयोगी वाटते. वर्षाला दहा खून म्हणजे सरासरी छत्तीस दिवसांनी एक, आणि एकतीस म्हणजे सुमारे बारा दिवसांनी एक. तारखा क्रमाने मांडून हे अंतर आलेखावर काढले, तर बदल साधारण कोणत्या महिन्यात सुरू झाला ते दिसू लागते आणि त्यासाठी ३१ डिसेंबरची वाट पाहावी लागत नाही.

त्रिनिदादच्या बाबतीत नेमका उलटा धोका आहे. २०२४ चे ६२४ हा तोवरचा उच्चांक होता, आणि ५७७ वरून ६२४ ही वाढ मोठी बातमी झाली. या दोन बेरजांत निव्वळ योगायोगाने पडणाऱ्या फरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे नेहमीच्या चढउताराचे माप, सुमारे पस्तीस आहे, आणि प्रत्यक्ष फरक सत्तेचाळीस, म्हणजे त्याच्या दीडपटीपेक्षाही कमी आहे. ६०५, ५७७ आणि ६२४ ही तीन वर्षे मी एकाच पातळीवरची धरेन. खरा बदल त्याआधीचा आहे: २०२० मधील चारशेच्या आतून २०२२ मधील सहाशेपर्यंत झालेली उडी योगायोगाने होऊ शकत नाही. तिचे स्पष्टीकरण शोधायला हवे, २०२३ आणि २०२४ मधील फरकाचे नव्हे. त्यातही एक सावधगिरी हवी. २०२० हे महामारीचे, निर्बंधांचे वर्ष होते आणि २०१९ मध्ये आकडा आधीच सुमारे ५३६ होता; तेव्हा तुलनेचा पाया २०२० धरल्यास वाढ फुगलेली दिसते आणि २०१९ धरल्यास ती बरीच आटोक्यात येते. दोन्ही पायांवरून गणित करून दोन्ही उत्तरे द्या.

पॉयसन वितरणाबद्दल मी ‘प्राथमिक अंदाज’ असे म्हटले, त्याचे कारण सांगायला हवे, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. या वितरणात प्रत्येक घटना दुसरीपासून स्वतंत्र आहे असे गृहीत असते, आणि टोळ्यांच्या हिंसेत ते खरे नसते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पोर्ट ऑफ स्पेनमधील बेसन स्ट्रीट पोलीस ठाण्याबाहेर झालेल्या गोळीबारात एक जण मारला गेला आणि चोवीस तासांच्या आसपास लाव्हेंटिल भागात पाच जणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यानंतर ३० डिसेंबरला आणीबाणी जाहीर झाली. हे सहा मृत्यू आकड्यांच्या तक्त्यात सहा घटना आहेत, परंतु सांख्यिकीच्या दृष्टीने ती एकच साखळी आहे. सूडाच्या साखळीमुळे आठवड्यांच्या बेरजांचे विचरण, म्हणजे त्या सरासरीभोवती किती विखुरलेल्या आहेत याचे माप, सरासरीपेक्षा अधिक होते; पॉयसनमध्ये ही दोन्ही सारखी असतात. तुमच्याकडे तारखा असतील तर साप्ताहिक बेरजा काढा. २०२४ मध्ये त्यांची सरासरी बारा येईल, आणि विचरणही बाराच्या आसपास आले तर पॉयसन चालेल, पण ते वीस-पंचवीस आले तर विचरण सरासरीहून अधिक असू देणारे ऋण द्विपद वितरण घ्या आणि वर दिलेल्या सर्व मर्यादा अधिक रुंद समजा. ५७७ आणि ६२४ यांत फरक नाही हे माझे म्हणणे त्यामुळे आणखी बळकट होईल, तर सेंट किट्सबाबतचे म्हणणे थोडे सौम्य होईल. हे परीक्षण केल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष पुढे पाठवत नाही.

दुसरा प्रश्न बेरोजगारीचा. तुम्ही दोन वार्षिक मालिकांचा सहसंबंध काढणार आहात. तो काढण्याआधी फक्त दोन टोके पाहा. १९९९ मध्ये त्रिनिदादमध्ये ९३ खून झाले होते आणि बेरोजगारी १३ टक्क्यांच्या आसपास होती. २००८ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायूच्या भरभराटीमुळे बेरोजगारी ५ टक्क्यांच्या खाली आली होती आणि त्याच वर्षी खुनांची संख्या ५४७ वर गेली होती. म्हणजे त्या दशकात तुमचा सहसंबंध ठळकपणे ऋण येईल, आणि त्यावरून रोजगार वाढल्याने खून वाढले असा निष्कर्ष कोणी काढणार नाही, काढू नये. दहाबारा वर्षांच्या, सतत वर किंवा सतत खाली सरकणाऱ्या कोणत्याही दोन मालिकांत धन किंवा ऋण सहसंबंध दिसतोच. त्याला अर्थ नसतो.

परंतु या उदाहरणातून शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून मी त्यावर थोडी थांबते. देशाची बेरोजगारी कमी होत असताना त्याच देशातील एका छोट्या भागात, पूर्व पोर्ट ऑफ स्पेनच्या डोंगरउतारांवरील लाव्हेंटिल, मॉर्व्हंट यांसारख्या वस्त्यांमध्ये, खून झपाट्याने वाढत होते. बळी प्रामुख्याने तरुण पुरुष होते. पाचांपैकी सुमारे चार खुनांमध्ये बंदूक वापरली जाते, असे चित्र अलीकडच्या वर्षांत स्थिर झाले आहे. बंदुका कोठून येतात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अवघ्या अकरा किलोमीटरवर असलेल्या बेटातून अमली पदार्थांची वाहतूक कशी होते, सरकारी रोजगार योजनांची कंत्राटे वस्तीत कोणाच्या हाती जातात आणि एखादी टोळी फुटल्यावर तिचे दोन तुकडे एकमेकांवर कसे उठतात, हे प्रश्न राष्ट्रीय बेरोजगारीच्या आकड्यात कोठेच दिसत नाहीत. ज्या घटनेचा व्याप काही चौरस किलोमीटरचा आहे, तिचे कारण त्याच मापावर शोधावे लागते. तुम्हाला बेरोजगारीचाच विचार करायचा असेल तर त्या वस्त्यांतील तरुण पुरुषांची बेरोजगारी हवी, आणि ती वार्षिक सर्वेक्षणांतून मिळत नाही, कारण तेवढ्या लहान भागासाठी नमुनाच पुरेसा नसतो.

जागेनुसार विभागणी करताना दोन गोष्टींची काळजी घ्या. एक म्हणजे, पोलिसांच्या विभागांच्या सीमा कायम राहत नाहीत; त्रिनिदादमध्ये नॉर्दर्न डिव्हिजनमधून अलीकडे नॉर्थ सेंट्रल हा वेगळा विभाग काढण्यात आला, आणि ते लक्षात न घेता नॉर्दर्नची मालिका काढली तर तेथे हिंसा अचानक घटल्याचे दिसेल. दुसरी म्हणजे, मृतदेह सापडलेली जागा, खून झालेली जागा आणि बळी राहत होता ती जागा या तीन वेगळ्या असू शकतात, आणि दर काढताना अंश एका जागेचा व छेद दुसऱ्या जागेचा असा घोटाळा सहज होतो. टोबॅगोला मात्र नेहमी वेगळे काढा. तेथील लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास आहे, २०२३ मध्ये तेथे डझनाच्या थोडे वर खून झाले आणि २०२४ मध्ये ते जवळपास दुप्पट झाले. राष्ट्रीय बेरजेत ही घडामोड पूर्णपणे बुडून जाते, आणि वर सेंट किट्ससाठी सांगितलेली सगळी पथ्ये टोबॅगोलाही लागू होतात.

वंशानुसार बळींची तुलना करण्याचा विचार तुमच्या टिपणात आहे. भारतीय वंशाच्या लोकांचे तेथील प्रमाण मोठे असल्याने आपल्याकडच्या वाचकाला तो विषय ओढून घेतो, हे मी समजू शकते. माझा सल्ला स्पष्ट आहे: वस्ती आणि वय यांचे नियंत्रण करण्याइतका तपशील हातात नसेल तर ती तुलना करू नका. हिंसा ज्या वस्त्यांत केंद्रित आहे त्या वस्त्यांची लोकसंख्या प्रामुख्याने आफ्रिकी वंशाची आहे, आणि जागेचा परिणाम वंशाच्या नावावर टाकणारा तक्ता त्या लोकांवर अन्याय करतो.

खुनांच्या हेतूंबाबतही सावध राहा. पोलीस प्रत्येक खुनासमोर टोळी, अमली पदार्थ, दरोडा, भांडण, कौटुंबिक हिंसा, सूड किंवा अज्ञात असे कारण लिहितात, आणि २०२४ साठी टोळ्यांशी संबंधित खुनांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या थोडे वर सांगितले गेले. पण कारण लिहिले जाते तपासाच्या सुरुवातीला, आणि बहुतेक तपास पुढे जातच नाहीत. शतकाच्या वळणावर त्रिनिदादमध्ये निम्म्याहून अधिक खुनांची उकल होत असे. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण पाचात एकापेक्षाही कमी झाले आहे. ज्यांची उकल झाली तेवढेच खून घेऊन तुम्ही हेतूंचे विश्लेषण केलेत तर घरातील खून प्रमाणाबाहेर मोठे दिसतील, कारण तेथे आरोपी बहुधा ओळखीचा असतो आणि साक्षीदार मिळतात, तर टोळीच्या खुनात साक्ष देणाऱ्याचा जीव धोक्यात असतो. उलट सगळे खून घेऊन पोलिसांच्या पहिल्या अंदाजावर विसंबलात, तर ‘टोळी’ हा शब्द वस्तीचे नाव पाहूनच लिहिला गेला असण्याची शक्यता राहते. मी अशा वेळी हेतूचा रकाना दुय्यम मानते आणि शस्त्र, जागा, वेळ, बळींची संख्या व बळीचे वय-लिंग या पाहून ठरवता येणाऱ्या गोष्टींवरून प्रकार पाडते. स्त्रियांच्या खुनांची मालिका तर वेगळीच काढावी. बळींमध्ये त्यांचे प्रमाण दहाव्या हिश्शाच्या आसपास असल्याने एकूण दराच्या चढउताराशी त्यांचा काही संबंध दिसत नाही, आणि एकूण दर कमी झाला म्हणून त्यांचा धोका कमी झाला असे समजण्याची घोडचूक धोरण आखणारेही करतात.

आता २०११ ची आणीबाणी. ती २१ ऑगस्टला जाहीर झाली आणि ५ डिसेंबरला संपली. त्या काळात संचारबंदीही होती. २०१० मधील पावणेपाचशेच्या आसपासच्या आकड्यावरून २०११ मध्ये बेरीज साडेतीनशेच्या आसपास आली, म्हणून आणीबाणी यशस्वी झाली, हा युक्तिवाद तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. तो मान्य करण्याआधी तीन गोष्टी तपासा. २०११ मध्ये आणीबाणीपूर्वीचे दिवस २३२ आहेत, आणीबाणीचे १०७ आणि नंतरचे २६. वर्षाची बेरीज यांतील बहुतांश भाग आणीबाणीच्या खात्यावर चुकीने जमा करते. दुसरे, २००८ च्या उच्चांकानंतर २००९ आणि २०१० मध्ये आकडा दरवर्षी घसरतच होता, तेव्हा २०११ मधील घट त्याच उताराचा पुढचा टप्पा असू शकते. तिसरे, आणीबाणी वाटेल तेव्हा जाहीर होत नाही. ती काही दिवसांत खुनांची माळ लागल्यानंतर जाहीर होते. अशा विलक्षण वाईट आठवड्यानंतर काहीही केले नाही तरी पुढचे आठवडे बहुधा बरे जातात, कारण आकडा आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो.

याचे योग्य परीक्षण करायचे तर साप्ताहिक आकडे घेऊन खंडित कालमालिकेची पद्धत, म्हणजे उपायाआधीचा कल पुढे वाढवून तो नंतरच्या आकड्यांशी ताडून पाहण्याची पद्धत, वापरावी लागेल, आधीचा कल आणि ऋतुमान धरावे लागेल, आणि आणीबाणी उठल्यानंतरचे किमान वर्षभर पाहावे लागेल. २०१२ मध्ये बेरीज ३८० च्या आसपास आणि २०१३ मध्ये चारशेच्या वर गेली, हे तुमच्या आलेखावरूनही दिसते. संचारबंदीत लोक घराबाहेरच पडत नसतील तर खून कमी होणे स्वाभाविक आहे. प्रश्न त्या वेळी थांबलेल्या साखळ्या कायमच्या तुटल्या की पुढे ढकलल्या गेल्या हा आहे, आणि वार्षिक आकड्यांवरून त्याचे उत्तर मिळत नाही. माझा स्वतःचा कल असा आहे की आणीबाणीचा तात्पुरता परिणाम होता आणि टिकाऊ नव्हता, पण तुमच्या हातातील माहितीवरून हे सिद्ध होत नाही, तेव्हा तसे लिहू नका.

एखाद्या उपायाचे मूल्यमापन कसे करावे याचा चांगला नमुना त्रिनिदादमध्येच आहे. २०१५ ते २०१७ दरम्यान पोर्ट ऑफ स्पेनच्या परिसरातील काही वस्त्यांमध्ये, त्या वस्तीत वजन असलेल्या माणसांमार्फत सूडाच्या साखळ्या मध्येच थांबवण्याचा ‘प्रोजेक्ट रीझन’ हा कार्यक्रम चालवण्यात आला. त्याचे मूल्यमापन करणाऱ्यांनी त्या वस्त्यांची तुलना संपूर्ण देशाशी केली नाही. इतर भागांच्या मिश्रणातून आधीच्या काळात तंतोतंत जुळणारा कृत्रिम तुलना-गट तयार केला, आणि केवळ खुनांवर न थांबता एकूण हिंसक गुन्हे आणि रुग्णालयात गोळी लागून दाखल झालेल्यांच्या नोंदीही पाहिल्या. ही दुसरी युक्ती तुम्हाला नक्की उपयोगी पडेल. गोळी लागलेल्यांपैकी कोण वाचतो हे नेम, अंतर आणि शस्त्रक्रिया यांवर ठरते. म्हणून गोळीबारांची संख्या खुनांपेक्षा मोठी, अधिक स्थिर आणि हिंसेचे माप म्हणून अधिक विश्वासार्ह असते. लहान देशात तर तिच्यावाचून फारसे काही सिद्ध करता येत नाही.

अहवाल लिहिताना आणखी एक पथ्य पाळा. पन्नास हजारांच्या देशात ‘एप्रिल, स्त्री, २५ ते २९, अमुक गाव, एक’ असा तक्त्यातील रकाना म्हणजे सर्वांना माहीत असलेली एक विशिष्ट व्यक्ती असते, आणि तिची आई किंवा मुले तो तक्ता वाचू शकतात. पाचापेक्षा लहान आकडे असलेले रकाने एकत्र करा किंवा झाका, आणि मोठे वयोगट घ्या. आपल्या विश्लेषणाचे यात थोडे नुकसान होते; ते मी नेहमी सोसते.

तुमच्याकडे खरोखरच फक्त वार्षिक बेरजा असतील आणि सादरीकरणाला थोडेच दिवस उरले असतील, तर प्रकल्पाचा प्रश्न बदला. कारणांचा शोध बाजूला ठेवून ‘कोणत्या वर्षांतील बदल योगायोगाच्या पलीकडचे आहेत’ एवढाच प्रश्न घ्या, दोन्ही लोकसंख्या-अंदाजांवरून दर काढा, प्रत्येक दरासोबत मर्यादा द्या, सेंट किट्ससाठी तीन किंवा चार वर्षांच्या सरासऱ्या वापरा आणि देशांचा क्रम लावू नका. वेळ असेल तर त्रिनिदादच्या वृत्तपत्रांच्या संग्रहांतून एका वर्षातील प्रत्येक खुनाची तारीख, पोलीस विभाग, शस्त्र आणि एका घटनेतील बळींची संख्या एवढे चार रकाने हाताने भरा आणि नावे उतरवू नका. सहाशे ओळींचे हे काम दोघांनी मिळून दोन-तीन आठवड्यांत होऊ शकते. दोघांनी पहिल्या पन्नास नोंदी स्वतंत्रपणे भरून एकमेकांशी ताडून पाहाव्यात, म्हणजे कोठे व्याख्येचा गोंधळ आहे ते लगेच कळेल. त्या तक्त्यावरून साप्ताहिक विचरण काढता येईल, सूडाच्या साखळ्या शोधता येतील आणि कोणत्या विभागात बदल झाला तेही सांगता येईल. तक्ता तयार झाल्यावर विचरण आणि सरासरी यांचे गुणोत्तर किती आले ते मला कळवा. कोणते प्रतिमान घ्यायचे ते त्यावर अवलंबून असेल.